खाडीतली बार्ज जेट्टी वाढवायची तर परवानग्यांचं काम कुठून धरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगड जिल्ह्यात एका नदीच्या भरतीच्या पट्ट्यात कारखान्याची जुनी बार्ज (सपाट तळाची मालवाहू होडी) लागायची जेट्टी आहे. तिथे कोळसा आणि लोहखनिज उतरतं. जेट्टीची लांबी दुपटीहून जास्त करायची आहे, समोरचा तळ खोल करायचा आहे आणि मागचं साठवणुकीचं यार्डही वाढवायचं आहे. काठाला कांदळवन आहे, ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा आहे आणि आजूबाजूला आगरी-कोळ्यांची गावं आहेत. "आराखडा तयार आहे, आता फक्त सीआरझेड काढायचं राहिलंय," असं वरिष्ठ म्हणतात; म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी. तर हे किती दिवसांत होईल आणि सुरुवात कुठून करावी?

तो आराखडा आधी बाजूला ठेवा, हे माझं पहिलं सांगणं. कोकणातल्या खाड्यांमध्ये जेट्ट्यांच्या पर्यावरण मंजुरीचं काम मी बरीच वर्षं करतोय. अडकून पडलेले प्रस्ताव पाहिले तर बहुतेकांचं दुखणं एकच निघतं: जेट्टी कुठे आणि कशी बांधायची हे आधी ठरलं, काठावर काय आहे हे नंतर मोजलं. मग पर्यावरण अहवालाला ठरलेल्या गोष्टीचं समर्थन करण्यापलीकडे काम उरत नाही, आणि प्रस्ताव तपासणाऱ्या समितीवर बसलेल्या तज्ज्ञांना ते लगेच कळतं. काठ पाहून आराखडा बदलायची तयारी असेल, तर परवानग्यांचं निम्मं काम तिथेच होतं.

सुरुवात नकाशापासून करा. भरतीरेषा आणि ओहोटीरेषा आपल्या सर्व्हेअरकडून आखून चालत नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या आधारे 1:4000 प्रमाणाचा स्थानिक नकाशा केंद्राने अधिकृत केलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावा लागतो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली रिमोट सेन्सिंग संस्था हे काम करते, तशा आणखीही संस्था आहेत. या नकाशावर 50 मीटर म्हणजे सव्वा सेंटिमीटर. एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवरचे चार मीटर खाते. तुमच्या कन्व्हेयरचा एखादा टॉवर कांदळवनाच्या आत की बाहेर, हा वाद त्या चार मीटरांत अडकू शकतो. म्हणून छापील प्रतीवर समाधान मानू नका. डिजिटल फाइल मागून घ्या, त्यावर प्रत्येक पाइल (तळात ठोकायचा खांब), प्रत्येक टॉवर आणि यार्डाची भिंत बसवून बघा, आणि मग ती फाइल घेऊन उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या) ओहोटीला प्रत्यक्ष काठाने चाला.

नकाशावर तुमची जागा तुकड्यातुकड्यांत दिसेल. कांदळवन आणि जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे हे सीआरझेड-1अ मध्ये येतात. तिथे बांधकामाला जवळजवळ बंदीच आहे. भरतीरेषा आणि ओहोटीरेषेमधली बाकीची जागा 1ब, आणि ओहोटीरेषेच्या पलीकडचं पाणी व तळ 4ब. बंदर, जेट्टी, धक्का अशा पाण्याशिवाय होऊ न शकणाऱ्या कामांना 1ब आणि 4 मध्ये परवानगी मिळू शकते. मात्र ती राज्यात मिळत नाही. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण शिफारस करतं आणि निर्णय दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेतं. जमिनीकडचा पट्टा 2011च्या अधिसूचनेत 100 मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतलं जे कमी तेवढा होता. 18 जानेवारी 2019च्या अधिसूचनेने 100चे 50 केले. त्यावरून नियम सैल झाले असा समज पसरला. यार्डापुरतं ते खरं आहे. पण जेट्टीच्या पाण्याकडच्या बाजूला त्याने तुमची सुटका होत नाही.

नदीत हा पट्टा कुठपर्यंत लागू होतो, तर वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी 5 भाग भरते तिथपर्यंत. रायगडात हे मोजणं वाटतं तितकं सरळ नाही. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी मिळतं, पाताळगंगेला खोपोलीचं. भर उन्हाळ्यातही वरून गोडं पाणी येत राहतं आणि ते सुटण्याच्या वेळेप्रमाणे क्षारतेचा आकडा बदलतो. उधाणाची भरती आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती दोन्ही पकडून नमुने घ्या, आणि वीजगृहातून पाणी कधी सुटलं त्याची नोंद सोबत ठेवा. एका दुपारी भरलेल्या बाटल्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

आता कांदळवन. इथे महाराष्ट्राची गोष्ट इतर राज्यांपेक्षा वेगळी आहे. 17 सप्टेंबर 2018च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी घातली. सार्वजनिक हितासाठी तोड अटळ आहे हे न्यायालयाला पटलं तरच ती करता येते. कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्यात आला. म्हणजे सीआरझेड मंजुरी हातात असली, वन खात्याची मंजुरी असली, तरी तिवराचं एक झाड तोडायलाही उच्च न्यायालयात जावं लागतं. सरकारी जमिनीवरचं कांदळवन वन म्हणून घोषित झालेलं असेल तर वन संवर्धन कायद्याखालचा प्रस्ताव वेगळा, आणि 2012 मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाचा अभिप्राय वेगळा. खासगी कारखान्याच्या स्वतःच्या वापराच्या जेट्टीत सार्वजनिक हित काय, हा प्रश्न तिथे विचारला जाणारच. त्याचं खरं उत्तर तुमच्याकडे आहे का, हे वकिलाकडे जाण्याआधी स्वतःला विचारा.

माझा सल्ला असा की कांदळवनाला हात लागणारच नाही असा आराखडा करा. तुमच्या बाबतीत ते शक्य दिसतं, कारण जुनी जेट्टी आहे. तिच्यापर्यंत जाणारी वाट कधीकाळी मोकळी केलेली आहे. काठाला दुसरीकडे कुठेही हात न लावता त्याच वाटेने आत जा, आणि जेट्टीची वाढीव लांबी पाण्याकडच्या तोंडापासून प्रवाहाला समांतर न्या. कन्व्हेयर जुन्याच पट्ट्यातून वर उचलून घ्या. यार्ड भरतीरेषेपासून जितकं मागे नेता येईल तितकं मागे न्या. कन्व्हेयरचा खर्च वाढतो, पण उच्च न्यायालयातल्या अनिश्चित वाटेपेक्षा तो स्वस्त पडतो, आणि काठ शाबूत राहतो.

भरपाई लागवडीबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तोडीच्या तिप्पट कांदळवन लावण्याची अट अधिसूचनेत आहे, आणि ती पुरी करण्यासाठी सोयीची जागा म्हणून बहुतेक वेळा समोरचा उघडा चिखलपट्टा दाखवला जातो. तो पट्टा रिकामा नसतो. हिवाळ्यात येणारे पाणथळ पक्षी तिथे खातात, निवट्या तिथेच असतात, बायका तिसऱ्या आणि शिवल्या तिथेच काढतात. एक अधिवास मोडून त्याच्या भरपाईत दुसरा मोडायचा, असं होतं. लागवड करायचीच असेल तर जिथे कांदळवन आधी होतं आणि मेलं, तिथे पाणी का पोहोचत नाही ते शोधा. अडलेली नाळ मोकळी केली तर बऱ्याच ठिकाणी तिवर आपोआप उगवतं.

जेट्टी पाइलवर उभी करायची की भराव टाकून, हा प्रश्न तुमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर खर्चाच्या तक्त्यावर सोडवेल. त्याला तो एकट्याने सोडवू देऊ नका. भरावामुळे पात्र अरुंद होतं, भरतीचं पाणी आत कमी जातं, ओहोटीचा जोर दुसऱ्या काठाला लागतो आणि जेट्टीच्या आडोशाला गाळ बसतो. मग दरवर्षी गाळ उपसा. पाइलवरच्या जेट्टीखालून पाणी वाहत राहतं. हे नुसतं लिहून चालत नाही, प्रतिमान (मॉडेल) करून दाखवावं लागतं, आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा अभ्यास जोडलेला असेल तर समितीत त्याला वजन असतं. त्यांना काम देताना फक्त जेट्टीसमोरच्या गाळाचा प्रश्न विचारू नका. वरच्या अंगाला भरतीची पातळी किती बदलते, खारं पाणी किती पुढे सरकतं आणि समोरच्या खारबंदिस्तीला (खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधांना) प्रवाहाचा मार किती वाढतो, हेही विचारा.

खारबंदिस्ती हा विषय बाहेरून आलेल्या सल्लागारांच्या डोक्यातच नसतो. पेण-अलिबागकडे खाडीकाठची भातशेती मातीच्या बांधांवर उभी आहे. उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीचं पाणी बांध अडवतो. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि त्या शेतातलं पीक पुढचे काही हंगाम जातं. भरलेल्या बार्जच्या लाटा रोज त्या बांधावर आपटतात. तुमची जेट्टी दुप्पट झाली तर फेऱ्याही वाढणार. तेव्हा अहवालात बांधाची आजची स्थिती फोटो आणि उंचीच्या मोजमापासह नोंदवा, अरुंद वळणांवर बार्जची वेगमर्यादा स्वतःहून घाला आणि खारभूमी खात्याशी आधी बोला. पुढे खांड पडलीच तर दोष कोणाचा यावर गाव आणि कारखाना कायमचे दुरावतात. आधीची नोंद दोघांनाही वाचवते.

पर्यावरण मंजुरीकडे येतो. 14 सप्टेंबर 2006च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत बंदरं, धक्के आणि गाळ उपसा 7(ई) खाली येतात. वर्षाला 50 लाख टन किंवा त्याहून जास्त माल हाताळायची क्षमता असेल तर प्रकल्प अ गटात, म्हणजे केंद्राकडे. त्याखाली ब गटात. क्षमता मोजताना फक्त नवी वाढ धरून चालत नाही, विस्तारानंतरची एकूण धरायची. दोन टप्प्यांत वाढ दाखवून आकड्याखाली राहायचा मोह होतो. तो टाळा. मालाच्या आकड्यांची नोंद सागरी मंडळाकडे असते, आणि अंबा (राष्ट्रीय जलमार्ग 10) किंवा रेवदंडा खाडी-कुंडलिका (85) यांसारख्या पात्रात असाल तर अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचाही संबंध येतो. लपवलेलं तिथे उघडं पडतं. अभयारण्यापासून 5 किलोमीटरच्या आत असाल तर ब गटाचा प्रकल्पही अ गटासारखा हाताळला जातो, म्हणून कर्नाळा, फणसाड यांच्यापासूनचं अंतर आधीच मोजून ठेवा.

तळ खोल करणं म्हणजे कॅपिटल ड्रेजिंग. ते मंजुरीतच मागावं लागतं. नंतरचा देखभालीचा उपसा मूळ प्रस्तावात आणि पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात असेल तरच नव्या मंजुरीतून सुटतो. तेव्हा दरवर्षी किती गाळ निघेल आणि तो कुठे टाकणार हे आजच लिहा. कांदळवनामागच्या सखल जागेत टाकायचा विचार कोणी मांडला तर तिथेच थांबवा.

जुन्या जेट्टीच्या कागदांचंही बघा. तिला आधीची पर्यावरण मंजुरी असेल तर तिच्या अटी पाळल्याचा मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाचा प्रमाणित अहवाल विस्तारासाठी लागतो. महाराष्ट्रासाठी ते कार्यालय नागपूरला आहे. जेट्टी 19 फेब्रुवारी 1991च्या पहिल्या सीआरझेड अधिसूचनेआधीची असेल तर बंदर खात्याचा तेव्हाचा परवाना आणि नकाशा शोधून काढा. मधल्या काळात कोणी परवान्याशिवाय वाढवलेला एखादा तुकडा निघाला, तर तो स्वतःच सांगा.

जनसुनावणी ही बहुतेक व्यवस्थापनांना अडथळा वाटते. कायद्याने ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, निदान 30 दिवसांची सूचना असते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, आणि गणसंख्येची अट नसते. ती टाळायचा मार्ग शोधणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं. मुरगाव बंदराच्या जलमार्गाच्या खोलीकरणाला जनसुनावणीतून सूट देऊन मंजुरी मिळाली होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर 2016 मध्ये ती रद्द केली. 2017च्या एप्रिल-मे महिन्यांत वास्कोत सुनावण्या झाल्या तेव्हा लोक दिवसचे दिवस बोलत राहिले. आधी विचारलं असतं तर जे प्रश्न म्हणून आलं असतं, ते संताप म्हणून आलं.

सुनावणीच्या कितीतरी आधी गावात जा, आणि गेलात की मासेमारी मोजा. इथे अहवाल सर्वांत कच्चे असतात. मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंद असते ती होड्यांची आणि सोसायटीच्या सभासदांची. पण खाडीत पाग टाकणारा, भोकशी लावणारा, चिंबोऱ्या धरणारा, ओहोटीला कालवं फोडणारी बाई, यांतले बरेच जण कुठल्याच नोंदवहीत नसतात. एका प्रस्तावाच्या सर्वेक्षणात जेट्टीसमोरचं पाणी "मासेमारी नसलेलं क्षेत्र" म्हणून रंगवलेलं होतं. ओहोटीला तिथे एका म्हाताऱ्या कोळ्याबरोबर होडीने गेलो, तर त्याने पाण्यातून वर आलेले, जाळी बांधायचे खुंट एकेक करून दाखवले. हा अमक्याच्या आज्याचा, हा तमक्या घराचा, ही जागा दोन भावांची आलटून पालटून. प्रत्येक खुंटाला मालक होता आणि सगळ्या गावाला तो माहीत होता. सर्वेक्षण करणारी मंडळी भरतीच्या वेळी येऊन गेली होती. आम्ही त्या खुंटांच्या जागा जीपीएसने नोंदवल्या आणि जेट्टीचं तोंड आणि बार्ज वळवायची जागा त्यांच्यापासून लांब सरकवली. अहवालातलं ते एक पान पुढे इतर कुठल्याही प्रकरणापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

ही नोंद न ठेवल्याची किंमत काय असते ते उरणला दिसलं. न्हावा-शेवा बंदराच्या विस्तारातल्या भरावामुळे आणि कांदळवनाच्या नाशामुळे पारंपरिक मासेमारी बुडाली, अशी तक्रार तिथल्या मच्छीमारांनी केली. हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाने फेब्रुवारी 2015 मध्ये 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मच्छीमारांचं नुकसान हा सौजन्याचा विषय राहिलेला नाही. भरपाईची रक्कम, ती कोणाला मिळणार आणि जागा बदलावी लागली तर कुठली, हे सुनावणीआधी लेखी ठरवा. शाळेला बाकं आणि देवळाला फरशी देऊन हा हिशेब पुरा होत नाही.

कामाचं वेळापत्रकही माशांच्या वेळापत्रकाशी जुळवा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीत वर्दळ कमी असल्याने हाच काळ ड्रेजिंगला सोयीचा, असं कंत्राटदार सुचवतो. नेमका तेव्हाच जिताडा अंड्यांवर असतो आणि पिल्लं खाडीत वाढत असतात. उपसा उन्हाळ्याच्या आधीच्या महिन्यांत बसवा, आणि पाइल ठोकताना सुरुवात हळू आघातांनी करा, म्हणजे जवळ डॉल्फिन असतील तर त्यांना दूर जायला वेळ मिळतो.

कोळशाच्या यार्डाबद्दल थोडक्यात. झाकलेला कन्व्हेयर आणि पाण्याचे फवारे सगळेच लिहितात. बार्जमधून ग्रॅबने माल उचलताना बार्ज आणि धक्का यांच्यामधल्या फटीत सांडतो त्याचं काय, ते फार थोडे लिहितात. तिथे तिरपी पत्र्याची झडप लावा. यार्डाभोवतीचं गटार आणि गाळ बसवायची टाकी कोकणातल्या पावसाला पुरेल इतकी मोठी धरा; एका दिवसात 200 मिलिमीटर पाऊस इथे नवलाचा नाही. सरासरी पावसावर काढलेली टाकी जुलैत भरून वाहते आणि काळं पाणी थेट खाडीत जातं. प्रदूषण मंडळाच्या स्थापना संमतीच्या वेळी हीच टाकी तपासली जाते.

वेळेचं विचाराल तर नकाशा, पावसाळा वगळून निदान एका हंगामाची मोजणी, खडकवासल्याचा अभ्यास, सुनावणी, राज्याची शिफारस, केंद्राची समिती, वन प्रस्ताव असल्यास तो, आणि मग मंडळाची संमती, हे सगळं नीट जुळलं तर अडीच ते तीन वर्षं धरा. उच्च न्यायालयात जावं लागलं तर त्याहून जास्त. वर्षभरात आणून देतो म्हणणाऱ्या सल्लागाराला कोणता टप्पा गाळणार ते विचारा.

मंजुरी येण्याआधी काम सुरू करू नका. एक पाइलही नाही. काम आधी, मंजुरी मागाहून या मार्गाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिलेला कडक निकाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला, म्हणून काहींना तो मार्ग पुन्हा मोकळा वाटतो. त्या भरवशावर खाडीत लोखंड उतरवणं हा कारखान्याचा आणि खाडीचा दोघांचाही जुगार आहे.

मंजुरी आल्यावर तिच्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील करायला 30 दिवस असतात, आणि कारण पटलं तर आणखी 60. कंत्राटदाराला कामाचा आदेश देताना हे 90 दिवस हिशेबात घ्या. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार सोसायटीला स्वतः नेऊन द्या. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला जातो. त्याची मराठी प्रतही त्या दोन्ही ठिकाणी पोहोचवा, खुंटांच्या आणि बांधांच्या नव्या मोजमापासह.